४०००१२

चार लाख बारा. सम आणि संयुक्त संख्या. परळ-लालबागचा पिनकोड म्हणून मुंबईकरांच्या रोजच्या ओळखीची. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि पत्त्यातल्या ‘मुंबई १२’चे ४०००१२ झाले.

अवयव पाडले तर ४०००१२ = २ × २ × १००००३. यातली १००००३ ही सर्वांत लहान सहा अंकी मूळ संख्या. त्यामुळे विभाजक सहाच : १, २, ४, १००००३, २००००६ आणि ४०००१२. शेवटचा वगळून बाकीच्यांची बेरीज ३०००१६, म्हणजे खुद्द संख्येपेक्षा कमी. म्हणून ही न्यून संख्या. १००००३ ला ४ ने भागल्यास बाकी ३ उरते, तेव्हा दोन पूर्ण वर्गांच्या बेरजेत ४०००१२ बसत नाही. वजाबाकीत मात्र बसते : १००००४² − १००००२².

इथवरचे गुणधर्म साधेच आहेत. ही संख्या खुलते ती देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या कसोट्यांवर. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवत जायचे, ही त्यांची आवडती रीत. गिरगावच्या ४००००४ मध्ये ८ मिळवले की ४०००१२ येते. तिच्यात ७ मिळवले की माटुंग्याचा ४०००१९, आणि त्यात १४ मिळवले की काळाचौकीचा ४०००३३. हा निव्वळ योगायोग, पण शहर पायाखालचे असलेल्याला हरखून टाकणारा.

अशा मिळवणीतून जी संख्या निर्माण होते तिची आधीची संख्या म्हणजे तिचा जनक. जनकच नसलेली ती स्वयंभू. एकाहून अधिक जनक असलेलीला कापरेकर जंक्शन म्हणत. ४०००१२ जंक्शन आहे. गिरगाव हा एक जनक. दुसरा ३९९९६८, कारण त्याच्या अंकांची बेरीज ४४. चार लाखांच्या अलीकडे नवांची गर्दी असल्याने अंकांची बेरीज मोठी आणि उडी लांब पडते. पलीकडे शून्येच शून्ये, म्हणून पाऊल आखूड. दोन्ही वाटा इथे एकत्र येतात. तिसरा जनक नाही.

कापरेकरांची आणखी एक कसोटी वजाबाकीची. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिल्यास चार अंकी संख्या ६१७४ वर स्थिरावतात. सगळे अंक सारखे असले तर मात्र नाही. सहा अंकांत मुक्काम एक नाही : ५४९९४५, ६३१७६४ आणि सात संख्यांचे एक चक्र. ४०००१२ पहिल्याच वजाबाकीत, ४२१००० − ०००१२४ = ४२०८७६, या चक्रात शिरते. पुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६.

आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी ती हर्षद. हे नावही कापरेकरांचेच. ४०००१२ ला ७ ने भागले तर ४ उरतात, तेव्हा ती हर्षद नाही. दादरचा ४०००१४ मात्र आहे : अंकांची बेरीज ९, भागाकार ४४४४६.