भाऊचा धक्का

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर माझगाव भागात असलेला प्रवासी वाहतुकीचा आणि मासळी उतरवण्याचा धक्का. इंग्रजी नकाशांवर त्याची नोंद ‘फेरी वार्फ’ अशी आढळते. उरणजवळचे मोरा आणि अलिबाग तालुक्यातील रेवस व मांडवा या बंदरांकडे येथून बोटी सुटतात. धक्क्याचा परिसर मुंबई बंदर प्राधिकरणाच्या अखत्यारीत येतो. एकोणिसाव्या शतकात लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी धक्का बांधला, म्हणून त्यांचे नाव त्याला चिकटले.

मुंबईहून समुद्रमार्गे पलीकडे जायचे तर आधी कोणता धक्का, हे ठरवावे लागते. नवख्या प्रवाशाची फसगत येथेच होते. घारापुरीच्या बोटी गेटवे ऑफ इंडियावरून सुटतात, भाऊच्या धक्क्यावरून नाही. मोरा आणि रेवस यांच्या लाँच मात्र भाऊच्या धक्क्यावरूनच मिळतात. मांडव्याला दोन्हीकडून जाता येते. केवळ प्रवासी नेणाऱ्या बोटी गेटवेवरून जातात, तर मोटारगाड्यांसह माणसे नेणारी रो-रो बोट भाऊच्या धक्क्यालगतच्या टर्मिनलवरून सुटते. दोन्ही ठिकाणांमध्ये रस्त्याने सुमारे पाच किलोमीटरचे अंतर असल्यामुळे ऐनवेळी चूक कळली तर बोट हुकतेच.

सर्वांत जवळचे रेल्वे स्थानक हार्बर मार्गावरील डॉकयार्ड रोड. स्थानकातून बाहेर पडून पूर्वेकडे, समुद्राच्या दिशेने निघावे. पी. डिमेलो रस्ता ओलांडला की गोदीची हद्द लागते. अंतर पायी जाण्याजोगे आहे, पण ट्रक आणि मासळीचे टेंपो यांची वर्दळ मोठी. सामान किंवा लहान मुले बरोबर असतील तर शेअर टॅक्सी बरी. उपनगरांतून मोटारीने येणाऱ्यांना पूर्व मुक्त मार्ग सोयीचा पडतो. तो ऑरेंज गेटजवळ खाली उतरतो आणि तेथून धक्का जवळच आहे.

आत शिरल्यावर एकाच आवारात दोन व्यवहार चालू दिसतात. पहाटे येथे मासळीचा राज्यभर ठाऊक असलेला बाजार भरतो. ट्रॉलर लागलेले असतात, बर्फ फोडला जात असतो, लिलाव पुकारले जातात आणि कोळणी पाट्या भरून बाहेर पडण्याच्या घाईत असतात. जमीन कायम ओली असते. चांगली पकड असलेली पादत्राणे घालावीत आणि हातगाडीवाल्याची हाक आली की बाजूला व्हावे, एवढे पथ्य पुरते. लाँच गाठायला पहाटे येणाऱ्याला हा बाजार ओलांडूनच पुढे जावे लागते. मोरा आणि रेवस यांच्या लाँच वेगवेगळ्या असल्याने तिकीट काढतानाच ठिकाणाचे नाव स्पष्ट सांगावे.

लाँचमध्ये चढणे भरती-ओहोटीवर अवलंबून असते. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी पाण्याची पातळी चार-पाच मीटरने वरखाली होते. भरतीला बोट धक्क्याच्या जवळपास पातळीवर डोलते, ओहोटीला तीच बोट खोल खाली गेलेली असते आणि शेवाळलेल्या पायऱ्या उतरून तिच्यात पाय टाकावा लागतो. एकीला लागून दुसरी लाँच बांधलेली असेल तर पहिलीतून दुसरीत जावे लागते. खलाशी हात पुढे करतो, तो संकोच न करता धरावा.

खरी अडचण पलीकडच्या टोकाला असते. मोरा बंदरात गाळ साचलेला असल्याने अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठ्या ओहोटीत लाँच तेथे लागू शकत नाही आणि सेवा दोन-अडीच तास बंद ठेवावी लागते. रेवसलाही गाळाचा त्रास आहेच. ही वेळ आधी काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही उपयोगी पडतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. चतुर्थीला ती तीनच्या सुमारास येते, अष्टमीला सहाच्या आणि पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे पौर्णिमेला संध्याकाळी पाचच्या आगेमागे मोऱ्याची लाँच बंद असण्याची शक्यता फार, आणि नेमकी तीच चाकरमान्यांची घरी परतण्याची वेळ. अष्टमीच्या सुमारास भांग असते, पाणी फारसे उतरत नाही, त्यामुळे तेव्हा खोळंबा होत नाही. वेळापत्रकाइतकेच पंचांगही पाहून निघावे, असा हा बहुधा शहरातला एकमेव प्रवास असेल.

पावसाळ्यात गेटवे–मांडवा प्रवासी बोटी बंद राहतात, पण मोरा व रेवस या मार्गांवर लाँच चालू असतात. समुद्र खवळून बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला, की वाहतूक थांबते. ही दक्षता आवश्यकच आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. कोकणपट्टीतील अनेक घरांत त्या दिवसाची आठवण अजून निघते.

मोऱ्याला पोहोचायला पाऊण ते एक तास लागतो. वाटेत डाव्या हाताला जवाहर द्वीप आणि त्यामागे घारापुरी दिसते. मोऱ्याहून उरण शहर रिक्षाने जवळ आहे. रेवसला सुमारे दीड तास लागतो आणि तेथून अलिबागकडे एसटी मिळते. रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. तिच्या बोटीत सुमारे दीडशे वाहने आणि पाचशे प्रवासी मावतात. मांडवा तासाभरात गाठता येतो, तर गाडीने खाडीला वळसा घालून जायचे झाल्यास तीन-चार तास मोडतात.

एके काळी रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले आणि पणजीपर्यंतच्या आगबोटींसाठी कोकणातील माणूस याच धक्क्यावर गाठोडी घेऊन येत असे. ती वाहतूक रस्त्यांनी आणि पुढे कोकण रेल्वेने घेतली. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल एकाच दिवशी सुरू झाल्याने उरणकरांना लाँचशिवायही दोन मार्ग मिळाले आहेत. तरीही दक्षिण मुंबईत कामाला असलेल्यांना पाण्यावरचा हा मार्ग अजून सरळ पडतो.