शुल्कमाफी आणि काँग्रेस पक्ष (महाराष्ट्र)

महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे शिक्षण शुल्क शासनाने भरावे की नाही, भरायचे तर कोणाचे आणि किती, या प्रश्नावर महाराष्ट्रातील काँग्रेस पक्षाची भूमिका १९५९ पासून अनेकदा बदलत गेली आहे. या विषयावर पक्षाने एखादा स्वतंत्र सिद्धांत मांडल्याचे आढळत नाही. भूमिका प्रकट झाली ती सरकारी निर्णयांतून, आणि त्यांतही प्रामुख्याने उत्पन्नमर्यादेच्या आकड्यातून. त्यामुळे जाहीरनाम्यांपेक्षा हा आकडा पाहणे अभ्यासकाला अधिक उपयोगी पडते. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीसारख्या अवर्षणप्रवण गावातील मुलाला महाविद्यालयाचे दार उघडे होते की बंद, हे प्रत्यक्षात त्या आकड्यावरच ठरत आले.

या प्रश्नाला महाराष्ट्रात जुनी पार्श्वभूमी आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात अशी तक्रार केली होती की, सरकारचा महसूल मुख्यतः शेतकऱ्यांच्या श्रमातून येतो, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो. म्हणून प्राथमिक शिक्षणाला अग्रक्रम द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, आणि वसतिगृहांना आश्रय देऊन पुढच्या शिक्षणाचीही वाट मोकळी केली. १९४४ मध्ये केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली. महाविद्यालयांत ती आजही ‘जीओआय’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. मात्र या शिष्यवृत्तीच्या कक्षेत न येणाऱ्या, पण शुल्क भरण्याची ऐपत नसलेल्या कुटुंबांसाठी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात सर्वसाधारण सवलत नव्हती.

ही उणीव १९५९ च्या निर्णयाने भरून काढली. द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांचे शिक्षण शुल्क माफ करण्याचे ठरवले. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ही सवलत ‘ई.बी.सी.’ म्हणून घरोघरी परिचित झाली. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आधी ९०० रुपये आणि पुढे १,२०० रुपये अशी होती. या सवलतीचे वेगळेपण तिच्या कसोटीत होते, कारण ती जातीवर नव्हे तर उत्पन्नावर आधारलेली होती. त्यामुळे कोरडवाहू शेतकरी, शेतमजूर, गावातला छोटा कारागीर हे सगळे एकाच दाखल्याने तिच्या कक्षेत आले. शुल्काची रक्कम विद्यार्थ्याच्या हाती न देता शासन संस्थेला भरपाई म्हणून देत असे. त्यामुळे ग्रामीण भागात नव्याने निघणाऱ्या महाविद्यालयांनाही उत्पन्नाचा एक भरवशाचा आधार मिळाला.

निर्णयाची वेळही लक्षात घेण्यासारखी आहे. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर काँग्रेसला पश्चिम महाराष्ट्रात मोठा फटका बसला होता, आणि ग्रामीण बहुजन समाजाला पुन्हा पक्षाशी जोडून घेणे चव्हाणांना आवश्यक होते. तरीही या निर्णयाकडे केवळ मतांची बेरीज म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल, कारण मराठवाडा विद्यापीठ (१९५८) आणि शिवाजी विद्यापीठ (१९६२) यांची स्थापना त्याच कारकिर्दीत झाली. विद्यापीठ जवळ आणणे आणि तेथील शुल्क माफ करणे या दोन्ही गोष्टी एकाच धोरणाच्या बाजू होत्या. पुढे दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४–६६) राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च करण्याची शिफारस केली. मराठी शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक या आयोगाचे सदस्य-सचिव होते. हे उद्दिष्ट देशाने पुढील काळात गाठले नाही.

राळेगणसिद्धीच्या इतिहासात शिक्षणाच्या खर्चाचा प्रश्न याच्याही आधीच्या पायरीवर उभा राहिला. लष्करातून निवृत्त होऊन १९७५ मध्ये गावी परतलेले अण्णा हजारे आणि ग्रामस्थ यांनी पाणलोटाच्या कामाबरोबरच शाळेचेही काम हाती घेतले, आणि त्यासाठी संत यादवबाबा शिक्षण प्रसारक मंडळ स्थापन झाले. शाळेच्या मान्यतेसाठी मात्र १९८० मध्ये अहमदनगर जिल्हा परिषदेसमोर उपोषण करावे लागले. इतरत्र नापास झालेल्या आणि शाळा सुटलेल्या मुलांना जाणीवपूर्वक प्रवेश देणारी शाळा म्हणून ती पुढे नावाजली गेली. माध्यमिक शाळाच जवळ नसेल, तर महाविद्यालयीन शुल्काची माफी कागदावरच राहते. १९५९ च्या धोरणाची ही मर्यादा या गावाच्या अनुभवातून स्पष्ट दिसते.

काँग्रेसच्या भूमिकेतील सर्वांत मोठे वळण १९८३ मध्ये आले. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने खासगी संस्थांना विनाअनुदानित तत्त्वावर, म्हणजे शासनाकडून वेतन व इमारतीसाठी पैसा न घेता, अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. राज्यातील मुले शिक्षणासाठी कर्नाटकात जात होती आणि शासनाकडे नवी महाविद्यालये काढण्याइतका पैसा नव्हता, ही या निर्णयामागची प्रमुख कारणे सांगितली जातात. अहमदनगर जिल्ह्यात सहकाराच्या बळावर उभ्या राहिलेल्या प्रवरा परिसरात, लोणी येथे, याच धोरणातून अभियांत्रिकी शिक्षण आले. जागा वाढल्या, हे निर्विवाद आहे. पण त्या जागांचा खर्च आता शुल्कातून निघणार होता. शिवाय प्रवेशासाठी देणगी म्हणून वेगळी रक्कम घेण्याची प्रथा इतकी बोकाळली की, कॅपिटेशन शुल्काला मनाई करणारा कायदा राज्याला १९८७ मध्ये करावा लागला. ज्या पक्षाने १९५९ मध्ये शुल्क स्वतःच्या अंगावर घेतले, त्याच पक्षाने चोवीस वर्षांनी ते कुटुंबाच्या अंगावर टाकले, असा निष्कर्ष काढावाच लागतो.

पुढची दोन दशके हा प्रश्न न्यायालयांत राहिला. उन्नीकृष्णन खटल्यात (१९९३) सर्वोच्च न्यायालयाने मोफत जागा आणि सशुल्क जागा अशी विभागणी आखून दिली, टी. एम. ए. पै प्रतिष्ठान खटल्यात (२००२) ती योजना रद्द झाली. महाराष्ट्रातून गेलेल्या पी. ए. इनामदार खटल्याच्या निकालाने (२००५) विनाअनुदानित संस्थांवरील शासनाचे नियंत्रण आणखी आक्रसले. त्यानंतर शुल्क-प्रतिपूर्ती हाच शासनापुढचा मुख्य मार्ग उरला. प्रतिपूर्ती म्हणजे शुल्क ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीने निश्चित केलेल्या शुल्काचा काही भाग शासनाने संस्थेला देणे. अनेक वर्षे खुल्या आणि इतर मागास प्रवर्गांतील पात्र विद्यार्थ्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्काच्या निम्म्या रकमेचीच सवलत मिळत असे, आणि उरलेल्या निम्म्यासाठी कर्ज काढण्याची वेळ येई.

उत्पन्नमर्यादा दीर्घकाळ एक लाख रुपयांवर अडकून पडली होती. ती २०१६ मध्ये सहा लाखांपर्यंत व पुढे आठ लाखांपर्यंत नेण्याचे निर्णय भाजप-शिवसेना सरकारच्या काळात झाले, आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले. काँग्रेसने रुजवलेली कल्पना विरोधी पक्षांनी विस्तारली, ही बाब पक्षीय इतिहासात नोंदवण्याजोगी आहे. महायुती सरकारच्या जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले.

राळेगणसिद्धी ज्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाचे केंद्र होते, त्यातील काही कार्यकर्त्यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये आम आदमी पक्ष स्थापन केला; अण्णा हजारे त्यापासून दूर राहिले. या पक्षाच्या दिल्ली सरकारने २०१५ मध्ये वेगळा मार्ग निवडला. विद्यार्थ्याच्या दहा लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकार जामीन राहील, अशी ती योजना होती. त्यात तारण द्यावे लागत नसले, तरी कर्ज विद्यार्थ्याच्याच नावावर राहते.

काँग्रेसच्या २०२४ च्या लोकसभा जाहीरनाम्यातही कर्जाचाच विचार आढळतो. १५ मार्च २०२४ रोजी थकीत असलेली शैक्षणिक कर्जे व्याजासह एकदा माफ करून बँकांना सरकार भरपाई देईल, असे आश्वासन त्यात होते. १९५९ ची सवलत विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळीच मिळत होती. हे आश्वासन कर्ज काढून शिकलेल्या आणि ते फेडू न शकलेल्यांसाठी होते. गरीब घरातील मूल अनेकदा कर्जाच्या भीतीनेच प्रवेश घेत नाही, आणि अशा मुलाला नंतरच्या कर्जमाफीचा काहीच उपयोग होत नाही. या दृष्टीने १९५९ ची रचना अधिक न्याय्य होती.

मात्र त्या रचनेतही एक अडचण प्रारंभापासून आहे. शेतकऱ्याचे उत्पन्न दरवर्षी बदलते. कांद्याला भाव मिळालेल्या वर्षीचा आणि पावसाने दगा दिलेल्या वर्षीचा तहसीलदाराचा दाखला एकाच घराविषयी वेगवेगळे चित्र दाखवू शकतो. शिवाय माफी शिक्षण शुल्कापुरती असते. राळेगणसिद्धीहून पुण्यात किंवा नगरला शिकायला जाणाऱ्या मुलाचा खोलीभाडे, खानावळ आणि प्रवास यांवरचा खर्च तिच्यात येत नाही. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासारख्या योजना या खर्चाचा काही भाग उचलतात. तसेच २०२४ च्या निर्णयाची पूर्ण माफी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागांनाच लागू आहे. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेश तिच्यातून वगळलेले आहेत.