लिथुएनियाची स्वातंत्र्य-पुनःस्थापना व तिला मिळालेला आंतरराष्ट्रीय पाठिंबा (१९९०–९१)

बाल्टिक समुद्राच्या पूर्वेकडील लिथुएनियाच्या नवनिर्वाचित विधिमंडळाने, संगीताचे व्यासंगी अभ्यासक व्हितौतस लान्ड्सबेर्गिस यांच्या अध्यक्षतेखाली, ११ मार्च १९९० रोजी सोव्हिएट संघाचा अंमल नाकारून आपले पूर्वीचे स्वातंत्र्य पुनःस्थापित केले. ठरावाच्या बाजूने १२४ मते पडली, सहा सभासद तटस्थ राहिले, विरोधात कोणीही नव्हते.

१९४० मध्ये सोव्हिएट फौजांच्या धाकाखाली झालेले या देशाचे सामीलीकरण अमेरिकेने त्याच वर्षी अमान्य केले होते आणि वॉशिंग्टन येथील लिथुएनियन वकिलात पुढील अर्धशतकभर चालू राहू दिली होती. तथापि प्रत्यक्ष कसोटीच्या वेळी मोठी पाश्चात्त्य राष्ट्रे कचरली. सोव्हिएट राष्ट्राध्यक्ष गोर्बाचेव्ह यांच्या सुधारणा धोक्यात येतील, जर्मनीचे एकीकरण लांबेल, या भयाने पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर कोल व फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मित्तराँ यांनी एप्रिल १९९० मध्ये संयुक्त पत्र पाठवून ठरावाची अंमलबजावणी तूर्त तहकूब ठेवण्याचा सल्ला दिला, आणि तोही अशा वेळी की, जेव्हा मॉस्कोने खनिज तेलाची रसद तोडून या छोट्या देशाची आर्थिक नाकेबंदी आरंभिली होती. हा सल्ला व्यवहारचतुर असेल, न्याय्य नव्हता.

१३ जानेवारी १९९१ च्या रात्री राजधानी व्हिल्निअस येथील दूरचित्रवाणी मनोऱ्याभोवती निःशस्त्र उभ्या असलेल्या जनसमुदायावर सोव्हिएट रणगाडे घालण्यात आले व त्या हल्ल्यात चौदा जणांचे प्राण गेले. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत आइसलँडचे परराष्ट्रमंत्री यौन बाल्डव्हिन हान्निबालसन स्वतः त्या वेढलेल्या शहरी दाखल झाले. स्वतःचे सैन्य नसलेल्या, जेमतेम अडीच लाख वस्तीच्या त्या देशाच्या आल्थिंग या संसदेने ११ फेब्रुवारीस ठराव केला की, लिथुएनियाला १९२२ मध्ये दिलेली मान्यता आजही अबाधित आहे. नव्याने मान्यता न देता जुनीच जिवंत असल्याचे सांगण्यातील विधिनिपुणता विशेष मोलाची होय, कारण तिने मधल्या पन्नास वर्षांच्या कब्जाला कायद्याचा दर्जाच नाकारला. मॉस्कोने निषेधार्थ आपला राजदूत माघारी बोलावला, परंतु आइसलँड डगमगले नाही.

ऑगस्टमध्ये मॉस्कोत गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध झालेल्या फसलेल्या बंडानंतर इतरांचा संकोच मावळला. अमेरिकेने २ सप्टेंबरला मान्यता जाहीर केली, ६ तारखेस खुद्द सोव्हिएट संघाने ती दिली व १७ सप्टेंबर १९९१ रोजी लिथुएनिया संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला. रशियन फौजांची अखेरची तुकडी मात्र ३१ ऑगस्ट १९९३ रोजी देशाबाहेर गेली.