फडक्याचा धडा : प्राथमिक शाळेतील आरोग्य व नीतिशिक्षणाची वाटचाल

प्राथमिक शाळेत मुलाला अक्षरे आणि अंक यांखेरीज आणखी काय द्यावे, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात फार लवकर दिले गेले. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे आपले निवेदन मांडले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यातील मागणी सर्वांना ठाऊक आहे. तिच्या पुढचा भाग सहसा कोणी वाचत नाही. शाळेत काय शिकवावे याची यादीच जोतीरावांनी तेथे दिली आहे. मोडी आणि बाळबोध लिपीत लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आणि त्यानंतर नीती व आरोग्यरक्षण यांवरचे थोडे पाठ. आज या शेवटच्या विषयाला मूल्यशिक्षण, आरोग्यशिक्षण, जीवनकौशल्ये अशी भारदस्त नावे मिळाली आहेत. जोतीरावांनी त्याला वेगळे सिंहासन दिले नव्हते. शेतीच्या शेजारी, हिशेबाच्या पंक्तीला बसवले होते. मला ही जागा योग्य वाटते. पुढे पंधरा वर्षांनी पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा सावित्रीबाईंनी रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी प्राण सोडला. आरोग्य आणि नीती हे दोन पाठ एकाच ओळीत का लिहिले होते, हे त्या मृत्यूकडे पाहिले म्हणजे कळते.

हंटर आयोगाची कक्षा ब्रिटिश हिंदुस्थानापुरती होती. आज आपण ज्याला परभणी जिल्हा म्हणतो तो मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि तो १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तेथेच राहिला. वरच्या वर्गांत शिकवण्याची भाषा उर्दू. खेड्यात शाळा असलीच तर एखादी, तीही देवळात वा पाटलाच्या ओसरीवर. मुंबई इलाख्यातील मुलगा स्वच्छतेचा धडा निदान पुस्तकात तरी वाचत होता. गंगाखेड-जिंतूरकडच्या बहुसंख्य मुलांच्या हाती ते पुस्तकही आले नाही. मराठवाड्यात हिप्परग्यासारख्या ठिकाणी ज्या राष्ट्रीय शाळा निघाल्या, त्यांनी मराठी भाषा जपली आणि देशसेवेची वृत्ती रुजवली. पण त्या मोजक्याच होत्या.

याच काळात महाराष्ट्राच्या दुसऱ्या दोन टोकांना दोन प्रयोग झाले. त्यांचा उल्लेख येथे करायला हवा, कारण आपल्या आजच्या शाळेतील बऱ्याच गोष्टी तेथून आल्या आहेत. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने नव्या शिक्षणाचा आराखडा केला. सेवाग्रामच्या शाळेत पुढे आशादेवी व आर्यनायकम् या दांपत्याने तो राबवला. तेथे आरोग्य हा तासाचा विषय नव्हता. दिवसाचा आरंभच सफाईने होई. मुले स्वयंपाक करीत, सूत कातीत, संडासही साफ करीत. यांपैकी शेवटची गोष्ट उच्चवर्णीय घरांना किती बोचली असेल, याची कल्पना करता येते. सूतकताई पुढे बहुतेक शाळांनी सोडली. संडास साफ करण्याचे काम तर सोडायलाही कोणी हाती धरले नव्हते.

दुसरा प्रयोग आपल्या वसई-डहाणू भागातील वाचकांना जवळचा. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ पासून काम कोसबाडच्या टेकडीवर सुरू झाले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात गेली. मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि गोष्टी. अंगणवाडी हा शब्द आणि त्यामागची कल्पना या कामातून पुढे आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यावर हे नाव गावोगाव पोहोचले. ताराबाईंची पद्धत मात्र नावाबरोबर सगळीकडे पोहोचली, असे म्हणवत नाही.

मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळ निघाले. त्यामुळे परभणीच्या मुलाच्या हाती पुण्याच्या मुलाचेच पुस्तक पडू लागले. सत्तर-ऐंशीच्या दशकांत शाळेत गेलेल्या आमच्या पिढीला आठवत असेल : हात पुढे, तळवे खाली, गुरुजींच्या हातात छडी, आणि नखांत मळ दिसला की बोटांवर एक. आमचे आरोग्यशिक्षण पुष्कळ अंशी एवढेच होते. त्यात अपमान होता हे खरे. पण शिक्षक प्रत्येक मुलाचे हात रोज पाहत असे, हेही खरे.

याच काळात आमच्या भागात एक असा धडा शिकवला गेला, की ज्याच्यासारखा यशस्वी धडा मला दुसरा सांगता येणार नाही. तो धडा नारूचा.

आजच्या मुलांना हा शब्दही माहीत नाही. पाण्यात सायक्लॉप्स नावाचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा किडा असतो. त्याच्या पोटात नारूच्या अळ्या असतात. असे पाणी माणसाने प्यायले की सुमारे वर्षभर काहीच कळत नाही. मग एक दिवस पायावर फोड येतो, आग होते, फोड फुटतो आणि त्यातून दोरीसारखी पांढरी कृमी डोके काढते. ती दोन हातांपर्यंत लांब असू शकते. ओढली तर तुटते आणि जखम चिघळते. म्हणून काडीला गुंडाळून रोज थोडी थोडी बाहेर काढायची. ऐन पेरणीच्या वा सुगीच्या दिवसांत कर्ता माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळे. आग शमवण्यासाठी तो पाय पाण्यात बुडवी आणि त्या क्षणी कृमी हजारो अळ्या पाण्यात सोडी. फेरा पूर्ण झाला.

या फेऱ्याला सर्वांत सोयीची जागा म्हणजे पायऱ्यांची विहीर. मराठवाडा हा बारवांचा मुलूख. परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार बारव पाहायला आज दूरदूरचे लोक येतात. पूर्वजांचे ते शिल्प पाहून मन भरून येते. परंतु ज्या पायऱ्यांवरून पाणक्या घागर घेऊन उतरत असे, त्याच पायऱ्यांवरून नारूचा रोगीही उतरत असे. सौंदर्य आणि आरोग्य यांची गाठ नेहमी पडतेच असे नाही.

नारूवर औषध नव्हते, लस नव्हती, आजही नाही. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत हा रोग होता, आणि १९८४ साली देशात सुमारे चाळीस हजार रुग्ण मोजले गेले. उपाय तीन : पायऱ्यांच्या विहिरी बंद करून रहाट वा पंप बसवणे, पाण्यात किडा मारणारे औषध टाकणे, आणि पिण्याचे पाणी दुहेरी फडक्याने गाळणे. पंपाबाबत एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. आमच्या शेजारच्या जालन्यात मिशनच्या लोकांनी, गावोगावचे मोडके हातपंप पाहून, एक दणकट पंप तयार केला. सोलापुरात त्यात सुधारणा झाली, आणि त्यातून पुढे इंडिया मार्क २ हा पंप घडला. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधनविहिरी वाढल्या, आणि त्यांवर हे पंप बसत गेले.

पंप सरकार बसवू शकते. फडके मात्र घरातल्या घागरीच्या तोंडावर रोज बांधावे लागते, आणि ते काम आदेशाने होत नाही. तेथे शाळा उपयोगी पडली. गुरुजींनी समजा नारूच्या जीवनचक्राची आकृती फळ्यावर काढली असेल, तरी मुलाने घरी नेले ते फडके. आजीला सांगता येईल, आईला दाखवता येईल, स्वतःच्या हाताने बांधता येईल असा तो धडा होता. शिवाय त्यात कोणाला दोष देणे नव्हते. तुम्ही अडाणी आहात असे म्हणणे नव्हते. जुलै १९९६ मध्ये राजस्थानात देशातील शेवटचा रुग्ण आढळला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. देवीचा रोग लसीने गेला. नारू पंपाने, औषधाने आणि फार मोठ्या प्रमाणात गाळणीच्या फडक्याने गेला.

यानंतरचा इतिहास कागदावर अधिक भरगच्च आहे. १९९७ मध्ये महाराष्ट्रातील शाळांत मूल्यशिक्षण आले : श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, अशी दहा मूल्ये. सकाळच्या परिपाठात प्रार्थना, सुविचार, बोधकथा, दिनविशेष. मुले सुविचार पाठ म्हणतात आणि तो दुपारपर्यंत विसरतात. त्यात त्यांचा दोष नाही. २००९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातील पाचशे शाळांत शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या मूल्यवर्धन उपक्रमाने व्याख्यान बाजूस ठेवून जोड्या, गट, चर्चा असा मार्ग धरला, आणि तो पुढे राज्यभर गेला. मुलाला बोलू देणे ही आमच्याकडे नवीनच गोष्ट होती.

माझ्या मते परिपाठाहून मोठे नीतिशिक्षण खिचडीने केले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची योजना आली तेव्हा ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळे. २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेले अन्न शाळेतच देणे भाग पडले, आणि शाळेत पंगत बसली. ज्या मराठवाड्यात जुलै १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होताच दलित वस्त्या जाळल्या गेल्या, परभणी-नांदेडची खेडी ज्यात होरपळली, तेथे वीस-पंचवीस वर्षांत सर्व वस्त्यांची मुले एका ओळीत, एका पातेल्यातले खाऊ लागली. दलित बाईच्या हातचे नको म्हणून पालकांनी मुले घरी नेल्याच्या बातम्या देशाच्या अनेक भागांतून आल्या; म्हणजे धडा नेमका लागला होता.

आपल्या संस्थांविषयीही येथे एक शब्द. पुष्कळ कॉन्व्हेंट शाळांत एका तासाला ख्रिस्ती मुले धर्मशिक्षणास जातात आणि उरलेली नीतिशिक्षणास बसतात. त्यामागील कारण समजण्यासारखे आहे. परंतु शेजाऱ्याशी कसे वागावे हे शिकवण्याच्या वेळीच शेजाऱ्याला दुसऱ्या वर्गात पाठवायचे, हे मला कधी पटले नाही.

आता त्या धड्याकडे येऊ, जो आम्ही अजून शिकवलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) असे आढळले की परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४८ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाले होते. राज्याची सरासरी सुमारे २२ टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण सर्वांत अधिक आमच्याच जिल्ह्यात. या मुली शाळेत गेल्या नव्हत्या असे नाही. दहा मूल्यांतील स्त्री-पुरुष समानता त्यांनी परिपाठात म्हटलेली असणार. मात्र शरीर वाढते म्हणजे काय होते, पाळी का येते, कोणी अंगाला हात लावला तर कोणाला सांगावे, आणि लग्नाला नाही म्हणता येते का, हे त्यांना बहुधा कोणी सांगितले नाही. किशोरवयीन शिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला तेव्हा २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थोपवला. मुलांसमोर काय दाखवावे याबद्दलची पालकांची चिंता खोटी नव्हती. आपल्या ख्रिस्ती समाजातही ही जबाबदारी प्रथम आईवडिलांची मानली जाते, आणि मीही तसेच मानतो. पण आईवडिलांनी ती उचलली का, हे प्रत्येक धर्मग्रामातील कुटुंबांनी स्वतःलाच विचारावे. शिवाय तो कार्यक्रम नववीच्या पुढचा. सातवीनंतर शाळा सोडणारी मुलगी त्या वर्गापर्यंत पोहोचतच नाही. तिच्यासाठी जे काही सांगायचे ते प्राथमिक शाळेतच सांगायला हवे.

यामागे केवळ अज्ञान आहे असे समजणे चूक ठरेल. गंगाखेड, पालम, सोनपेठ या बालाघाटच्या कडेच्या भागातून दरवर्षी कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुलाचे लग्न झाले की घरात आणखी एक कोयता होतो. मुलीच्या बापालाही वयात आलेली पोर गावात एकटी ठेवून जाण्याची भीती वाटते. फडावरच्या पालात तर ती अधिकच असुरक्षित. त्याच्या दृष्टीने लग्न हा बंदोबस्त असतो. गावात राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली. ती जेथे नीट चालतात तेथे मुलगी निदान त्या वर्षापुरती वाचते.

१० मार्च २०२२ रोजी, सावित्रीबाईंच्या स्मृतिदिनी, राज्य शासनाने शाळांत 'सखी सावित्री' समित्या नेमण्याचा निर्णय काढला. मुलींची सुरक्षितता पाहणे, शाळा सोडू पाहणाऱ्या मुलींकडे लक्ष देणे, बालविवाह थांबवणे ही कामे समितीकडे आहेत. समिती वर्षात केव्हा बसते, याला आमच्या जिल्ह्यात फार महत्त्व आहे. दिवाळी आटोपली की ट्रक येतात आणि गावे रिकामी होतात. शाळेचे दुसरे सत्र सुरू होते तेव्हा वर्गातील काही जागा मोकळ्या असतात. ज्या मुलींशी बोलायचे, आणि ज्या बापांशी बोलायचे, ते पहिल्या सत्रातच, पोळा ते दसरा या दिवसांत गावात सापडतात.