स्वयंभू संख्या

जी धन पूर्णांक संख्या दुसऱ्या कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून तयार होत नाही, ती स्वयंभू संख्या. १२ मध्ये १ + २ मिळवले की १५ होतात. म्हणून १२ ही १५ ची जनक. २० ला असा जनक नाही. दशमान पद्धतीत हा अनुक्रम १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३ असा पुढे जातो.

हा शोध दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचा, सन १९४९ मधला. १९३० ते १९६२ या काळात ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक होते. त्यामुळे या संख्यांना देवळाली संख्याही म्हणतात. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकरांच्या कामाविषयी लिहिले आणि ते जगभर पोचले.

या गुणधर्मावर एक आक्षेप घेतला जातो: तो संख्येचा नसून ती लिहिण्याच्या पद्धतीचा आहे. आक्षेप खरा आहे, पण विषयाची गोडी तिथूनच सुरू होते. द्विमान पद्धतीत क्रम १, ४, ६, १३, १५, १८, २१, २३, ३० असा अगदी वेगळा येतो. पाया विषम (३, ५, ७…) घेतला तर सगळा पसारा एका वाक्यात आटोपतो: विषम संख्या तेवढ्या स्वयंभू, सम एकही नाही. व्ही. एस. जोशी यांनी १९७३ मध्ये हे सिद्ध केले.

कारण शाळकरी गणितात बसते. विषम पायाचा प्रत्येक घात विषम असतो, म्हणून संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज एकतर दोन्ही सम किंवा दोन्ही विषम. त्यांची एकत्र बेरीज नेहमी सम. विषम संख्येला जनक मिळणारच नाही. उलट बाजूने, जनक एकाने वाढवला आणि हातचा आला नाही, तर ही बेरीज दोनाने वाढते. हातचा आला तर ती तेवढीच राहते किंवा घटते. दोनापेक्षा मोठी उडी कधीच पडत नसल्याने एकही सम संख्या वगळली जात नाही. सम पायांना असा सोपा नियम लागू पडत नाही.

पाया सर्वत्र एकच असावा, असेही बंधन नाही. मेट्रिक मापे येण्यापूर्वी ४० शेरांचा मण चाले. मण आणि शेरांचे आकडे सुटे धरून मिळवले, तर १ ते ३९ मधल्या सर्व विषम संख्या स्वयंभू ठरतात; ४१ मात्र नाही, कारण ४० म्हणजे १ मण ० शेर, आणि ४० + १ + ० = ४१.

पूर्णांक अनुक्रमांच्या ऑनलाइन विश्वकोशात दशमान क्रम ए००३०५२ आणि द्विमान क्रम ए०१००६१ या क्रमांकांनी नोंदलेले आहेत.