बंदूक-साठवण कायदे, अमेरिकेतील

घरातील बंदूक मुलांच्या हाती पडू नये म्हणून ती कशी ठेवावी आणि पडलीच तर मालकाला काय शिक्षा व्हावी, हे ठरवणारे अमेरिकेतील राज्यांचे कायदे. पहिला कायदा १९८९ मध्ये फ्लॉरिडाने केला. मुलांच्या हातून गोळी सुटून मुलेच दगावल्याच्या लागोपाठच्या घटनांनी त्या वर्षी हे राज्य हादरले होते. सोळा वर्षांखालील मुलाला सापडू शकेल अशी भरलेली बंदूक कुलूपबंद पेटीत किंवा सुरक्षित जागी ठेवावी, नाहीतर तिच्या चापाला कुलूप लावावे, असा हा नियम. घरातल्याच कुणाकडून मुलाला चुकून गोळी लागली, तर सात दिवस अटक करू नये, अशीही त्यात तरतूद आहे. शोकात बुडालेल्या घरी लगेच बेड्या नेऊ नयेत, एवढे भान त्यात दिसते.

बहुतेक राज्यांचे कायदे मूल घरात असण्याशी किंवा बंदूक त्याच्या हाती लागण्याशी जोडलेले आहेत. मॅसॅच्युसेट्सने १९९८ मध्ये याहून कडक वाट धरली : मालकाच्या ताब्यात नसलेली बंदूक कुलपातच हवी, मग घरात मूल असो वा नसो.

केंद्रीय कायदा मात्र लंगडा आहे. परवानाधारक दुकानदाराने पिस्तुलाबरोबर कुलूप किंवा सुरक्षित पेटी द्यावी, असे २००५ चा कायदा सांगतो. ते वापरण्याची सक्ती गिऱ्हाइकावर नाही. दुचाकीबरोबर हेल्मेट द्यायचे आणि घालायचे की नाही ते चालवणाऱ्यावर सोडायचे, असा हा प्रकार. २००८ मध्ये हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टन शहराचा नियम रद्द केला, कारण घरातली बंदूक कायम सुटी करून किंवा चापाला कुलूप लावून ठेवावी लागल्याने स्वसंरक्षणाला ती वापरता येत नव्हती. अपघात टाळण्यासाठीचे साठवण-कायदे या निकालाने बाद ठरत नाहीत, असेही निकालपत्रात नमूद आहे.

कायद्यातली फट किती महाग पडते, ते कनेक्टिकटमध्ये दिसले. २०१८ मध्ये तेथे पंधरा वर्षांचा एक मुलगा मित्राच्या घरी पिस्तुलाच्या गोळीने मरण पावला. पिस्तुलाला कुलूप होते. पण किल्ली आणि काडतुसे त्याच खोक्यात होती. जुना कायदा फक्त भरलेल्या बंदुकीपुरता असल्याने घरमालकावर त्याखाली खटला भरता आला नाही. २०१९ मध्ये रिकामी बंदूकही कायद्याच्या कक्षेत आली आणि वयोमर्यादा अठरावर नेण्यात आली.

या कायद्यांमुळे मुलांच्या आत्महत्या आणि अपघाती गोळीबार कमी होतात, याला रँड या संशोधनसंस्थेच्या आढाव्यात भक्कम आधार मिळाला आहे. घरफोड्याला अडवायला बंदूक हाताशी हवी, हा विरोधकांचा मुद्दा खोटा नाही. पण बोटाच्या ठशाने क्षणात उघडणाऱ्या पेट्या बाजारात आल्यापासून त्याची धार कमी झाली आहे.

मिशिगनमधील ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये ३० नोव्हेंबर २०२१ रोजी पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने चौघांचा बळी घेतला. पिस्तूल वडिलांनी चारच दिवसांपूर्वी आणले होते. त्याबरोबर आलेले तारेचे कुलूप वेष्टनातून काढलेलेही नव्हते. तेव्हा राज्यात साठवण-कायदा नव्हता, म्हणून आई-वडिलांवर मनुष्यवधाचे आरोप ठेवले गेले आणि २०२४ मध्ये दोघांनाही दहा ते पंधरा वर्षांची कैद झाली. मुलाने शाळेत केलेल्या सामूहिक हत्याकांडासाठी पालक मनुष्यवधाचे दोषी ठरण्याची अमेरिकेतील ही पहिलीच वेळ. मिशिगनचा साठवण-कायदा १३ फेब्रुवारी २०२४ रोजी अमलात आला. निष्काळजीपणे ठेवलेल्या बंदुकीने अल्पवयीन मुलाने कुणाचा जीव घेतल्यास मालकाला त्यात पंधरा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.