शेंडा, पान आणि कायदा

वऱ्हाडांतील कुटुंबांस हरभऱ्याच्या भाजीची चव निराळी सांगावयास नको. अकोला-अमरावतीकडे पीक महिनाभराचें झालें, कीं बायका शेतांत जाऊन कोवळे शेंडे खुडतात. घरीं भाजी होते आणि शेतांतलें रोप फांद्यांनीं भरून येतें. शेंडा खुडल्यानें पीक वाढावें, ही गोष्ट वरवर विपरीत दिसते. परंतु झाडाच्या अग्रभागीं तयार होणारें वर्धक द्रव्य खालच्या अंकुरांस दाबून ठेवतें, असें थिमन व स्कूग या शास्त्रज्ञांनीं १९३३-३४ च्या सुमारास प्रयोगानें दाखवून दिलें. शेंडा गेला, कीं दबलेले अंकुर मोकळे होतात. शास्त्रास कारण सांपडण्यापूर्वीं पुष्कळ आधीं शेतकऱ्याच्या बोटांस तें काम साधलेलें होतें.

अशींच जाणतीं बोटें एके काळीं दुसऱ्या एका झाडावरहि फिरत होतीं, आणि त्या झाडाची हकीकत हरभऱ्याइतकी निरुपद्रवी नाहीं. तें झाड गांजाचें होय. यांत नर व मादी हीं झाडें वेगळीं असतात. गांजा म्हणून विकला जातो तो मादी झाडाचा राळेनें चिकट झालेला फुलोरा. त्यावर नराचे पराग पडले, कीं झाडाचें बळ बियांकडे वळतें आणि मालाचा कस उतरतो. बंगालमध्यें राजशाहीकडील नौगांव येथें ही लागवड सरकारी परवान्यानें होत असे. तेथें रोपांच्या खालच्या फांद्या छाटून टाकीत, म्हणजे झाडाचा जोर वर जाई. आणि पुढें ‘पारखदार’ नांवाचा जाणता मनुष्य शेतांतून फिरून नर झाडें ओळखून काढी. हेमचंद्र कर यांनीं १८७७ सालीं सरकारास सादर केलेल्या अहवालांत या लागवडीचें व व्यापाराचें सविस्तर वर्णन आहे.

आमच्या वऱ्हाडाचा या इतिहासाशीं संबंध कोठें येतो, असें वाचक विचारतील. मेळघाट ओलांडला, कीं निमाड लागतो. त्यांतील खांडवा हें मध्यप्रांतांतील परवान्याच्या गांजाचें ठिकाण होतें, आणि १९०३ सालीं वऱ्हाड त्याच प्रांतास जोडण्यांत आला. त्यापूर्वींच, २ मार्च १८९३ रोजीं, विलायतेच्या पार्लमेंटांत केन या सभासदानें गांजाचा प्रश्न काढला, आणि त्याच वर्षीं मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालीं एक आयोग नेमला गेला. त्यानें १,१९३ साक्षी घेतल्या. त्यांत वऱ्हाडांतील साक्षीदारहि होते. अतिरेक घातक, बेताचें सेवन सामान्यतः तसें नाहीं, सबब सरसकट बंदी न करतां लागवड ठराविक क्षेत्रांत ठेवावी, माल सरकारी देखरेखीच्या वखारींत जावा आणि त्यावर कर बसावा, असा त्याचा आशय होता. शेतकऱ्यानें झाडाला वळण लावावें, तसें सरकारनें व्यापारास लावावें, एवढाच त्याचा मथितार्थ.

पुढें जगाचें मत पालटलें. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणें या झाडाचे फुलोऱ्याचे वा फळांचे शेंडे निषिद्ध ठरले. शेंड्यांसह नसलेलीं पानें व बिया मात्र व्याख्येबाहेर राहिल्या. भारतांत १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा झाला, त्यांतहि गांजाची व्याख्या हीच आहे. नुसत्या पानांची भांग राज्यांच्या कायद्यांकडे राहिली. मौज अशी, कीं पारखदार जेथें मोलाचें आणि बिनमोलाचें यांची निवड करीत असे, तेथेंच कायद्यानेंहि गुन्ह्याची रेघ ओढली.

ही रेघ शब्दांचा खेळ नव्हे. परवान्यावांचून लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. शिवाय २००१ च्या दुरुस्तीपासून वजनास मोठें महत्त्व आलें: एक किलोपर्यंत गांजा अल्प, आणि वीस किलोंच्या वर तो व्यापारी मानला जातो. व्यापारी वजन ठरलें, कीं जामिनाची वाट फार अरुंद होते. आतां शेतांतून उपटलेलें झाड मुळें, खोड, पानें आणि ओलावा यांसह कांट्यावर चढविलें, तर त्या वजनांत कायद्यानें वगळलेला भागहि मिसळतो. म्हणूनच असलें वजन ग्राह्य धरावें काय, हा वाद न्यायालयांपुढें पुनःपुन्हां येतो.

आम्ही गांजाची वकिली करीत नाहीं. व्यसनानें उद्ध्वस्त झालेलीं घरें कोणास ठाऊक नाहींत? तथापि ज्या कायद्यानें शेंडा आणि पान यांत भेद केला, त्याच्या अंमलदारांनींहि तो भेद पाळला पाहिजे. पंचनाम्याच्या वेळीं शेंडे वेगळे, पानें वेगळीं, खोडें वेगळीं करून प्रत्येकाचें वजन निराळें लिहावें. नौगांवचा पारखदार अख्खें शेत याच बारकाईनें निवडीत असे. एका मनुष्याच्या आयुष्याचीं वर्षें ठरत असतां तेवढी तसदी घेणें फार नव्हे.